मामलेदार कचेरी आणि आगबोट

गेल्या आठवड्यात पावसाने दोन दिवस उघडीप दिली, म्हणून माळ्यावरची आजोबांची ट्रंक खाली काढली. दरवर्षी काढतो. कागदांना ऊन दाखवायचं, कसर झटकायची, कडुलिंबाचा पाला बदलायचा आणि पुन्हा वर ठेवायची. आमच्या घरी हे काम माझ्याकडे आहे, कारण सौ.च्या मते त्या ट्रंकेत कागद कमी आणि धूळ जास्त आहे.

आजोबा मुंबई इलाख्याच्या काळात मामलेदार कचेरीत कारकून होते. आपला जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईकडे होता, हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही, पण नातवंडांना सांगावं लागतं. आजोबा मोडी लिहायचे, बाळबोध लिहायचे आणि कानडी अर्जही लिहून द्यायचे. पक्षकार कोणत्या भाषेत रडतोय त्याच भाषेत अर्ज लिहावा, असं ते म्हणत. त्यांच्या ट्रंकेत जुन्या कायद्यांचा एक गठ्ठा आहे, स्वखर्चाने कापडी बांधणी करून घेतलेला. छापील मजकूर इंग्रजी, आणि समासात आजोबांचं मोडी. त्या मोडीतलं मला निम्मंच लागतं.

या गठ्ठ्यात १८७६ सालचे दोन कायदे पाठोपाठ बांधलेले आहेत. एक मुंबई सरकारचा, मामलेदारांच्या कोर्टांबद्दलचा. दुसरा हिंदुस्थान सरकारचा, एतद्देशीय उतारूंना नेणाऱ्या जहाजांबद्दलचा. साल एक म्हणून बांधणाऱ्याने जवळ ठेवले असतील, दुसरं काही कारण दिसत नाही. एक बांधावरच्या भांडणाचा आणि दुसरा समुद्रावरच्या गर्दीचा. इतकी वर्षं मी पहिला वाचत आलो आणि दुसरा उलटून पुढे जात आलो. यंदा दुसराही वाचला. का वाचला ते पुढे सांगतो.

आधी मामलेदारांचं कोर्ट. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने पंचायती चालू ठेवून पाहिल्या, मग १८२७ ची कायदेसंहिता आली आणि जिल्ह्याची कोर्टं उभी राहिली. पण जिल्ह्याचं कोर्ट म्हणजे लांबचा रस्ता, वकील, स्टॅम्प आणि वर्षानुवर्षं. तोवर नांगरटीचा हंगाम निघून जातो. शेजाऱ्याने रात्रीत बांध फोडला, पाण्याचा पाट वळवला, गाडीवाटेवर काटे टाकले, तर शेतकऱ्याला न्याय याच हंगामात हवा असतो. म्हणून १८६४ साली मुंबई सरकारने मामलेदारालाच या एवढ्या कामापुरतं न्यायाधीश केलं. १८७६ ला तो कायदा नव्याने केला आणि १९०६ ला पुन्हा. महाराष्ट्रात तो १९०६ चाच कायदा आजही चालतो. मामलेदाराचा तहसीलदार झाला, पण कायद्याचं नाव तेच आहे. गोव्यातही मुक्तीनंतर १९६६ साली मामलेदार कोर्टाचा स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या जमिनी चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागात आहेत किंवा तिकडे सत्तरीत आहेत, त्यांना हे कोर्ट अजून परकं नाही.

मला या कायद्यात आवडते ती त्याची आटोपशीर अक्कल. मालक कोण, हे मामलेदाराने ठरवायचंच नाही. ते दिवाणी कोर्टाचं काम. त्याने एवढंच पाहायचं, की कालपर्यंत ही वाट चालू होती का आणि कायद्याचा मार्ग सोडून कुणी ती अडवली का. असं असेल तर आधी वाट मोकळी करा. मालकीचं भांडण नंतर सवडीने करा, हवी तितकी वर्षं. शेताकडे जाणाऱ्या रूढ वाटा आणि पाण्याचा वापर यांचा उल्लेख त्या कलमात स्पष्ट आहे. निकालावर अपील नाही. कलेक्टर कागद मागवून तपासू शकतो आणि दिवाणी कोर्टाचा वेगळा हुकूम येईपर्यंत मामलेदाराचा हुकूम पाळायचा. वकील लागतोच असं नाही.

पण एक अट आहे. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा. सहा महिने उलटले की मामलेदाराचं दार बंद. आजोबांनी या ओळीखाली दोन रेघा मारल्यात आणि समासात मोडीत एक शब्द लिहिलाय. तो मला लागतो. ‘भीड’.

इथे जरा थांबून कचेरीच्या भाषेबद्दल. आमच्या घरात सासर-माहेर मिळून दोन भाषा. सौ. धारवाडकडची. लग्नानंतर पहिल्या वर्षी बँकेत खातं उघडायला गेलो, तर ती कारकुनाला म्हणाली, ‘रुजू कुठे करू?’ कारकून माझ्याकडे पाहायला लागला. त्याला वाटलं, बाईंना नोकरी लागली! कानडीत रुजु म्हणजे सही, आणि आपल्या मराठीत माणूस कामावर रुजू होतो. शब्द एकच, कचेरीतूनच दोन्हीकडे गेलेला. तकरारु, अर्जि, जामीनु, जप्ति, राजि, वकील, हुकुम, सगळी मंडळी दोन्ही घरची. भांडायला दोन्ही भाषांना वेगळे शब्द लागलेच नाहीत. माझे सासरे म्हणायचे, ‘दावे हूडिदरे मराठी, गेद्दरे कन्नड.’ दावा लावला की मराठी, जिंकला की कन्नड. हरणाऱ्याची भाषा कोणती, ते मात्र ते कधी सांगत नसत.

आता दुसरा कायदा. तो उघडला आणि आजी आठवली.

आजीचं माहेर वेंगुर्ल्याजवळचं. तिचे थोरले भाऊ मुंबईला गिरणीत होते. बेळगावला रेल्वे १८८७ च्या सुमाराला आली आणि वेंगुर्ल्याच्या बंदराचं महत्त्व ओसरलं, तरी माहेरी गेलेली आजी मुंबईला जायची ती बोटीनेच. मोठी आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून जायची. लाटेवर पडाव वर आला की त्या क्षणाला बोटीवरचा खलाशी दंडाला धरून वर ओढायचा. आजी सांगायची, ‘तेवढ्या एका वेळी परपुरुषाने हात धरलेला चालायचा.’ वर गेलं की पहिलं काम जागा धरणं. चटई पसरायची, चार कोपऱ्यांवर बोचकी ठेवायची आणि मधे मुलांना बसवायचं. चटई जेवढी, तेवढा आपला संसार. जुन्या मालवणी-वेंगुर्लेकर घरांतून ही गोष्ट अजून ऐकायला मिळते.

त्या चटईचं माप सरकारने कायद्यात घातलेलं होतं, हे मला या वयात कळलं. कोकणच्या बोटींसाठी नव्हे, लांबच्या सफरींसाठी, मुख्यतः हाजला जाणाऱ्या जहाजांसाठी. आगबोटीत मधल्या मजल्यावर दर उतारूला ९ चौरस फूट जागा आणि ५४ घनफूट हवा. शिडाच्या जहाजात १२ आणि ७२, कारण ते रेंगाळत जाणार. ९ चौरस फूट म्हणजे सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद, वर सहा फूट उंची. मी टेप घेऊन हॉलमध्ये मोजलं. कुशीवर झोपलं तर बसतो मी त्यात. पालथा पडलो तर हात शेजाऱ्याच्या हद्दीत. दोन मुलं मिळून एक उतारू धरायचा. आणि हे सगळं आशिया-आफ्रिकेतल्या माणसांसाठी, केबिनमधल्या साहेबासाठी नाही. कायद्याच्या नावातच ‘नेटिव्ह’ होतं. जहाज सुटण्याआधी सरकारी दाखले घ्यायचे. जहाज समुद्रात जाण्याजोगं आहे का, उतारू किती, अन्नपाणी किती, हे सगळं त्यावर. १८७० ला एक कायदा, १८७६ ला दुसरा, १८८७ ला तिसरा. इतक्यांदा करावा लागला, त्यावरून तो किती पाळला जात होता याचा अंदाज करावा.

या कायद्यांच्या काळातलीच एक हकीकत सांगतो. १८८० च्या जुलैमध्ये ‘जेद्दा’ नावाची आगबोट सिंगापूरहून निघाली. मालक सिंगापूरचे, कप्तान आणि अधिकारी गोरे, आणि उतारू साडेनऊशेच्या वर, मलाया बेटांकडचे यात्रेकरू, बायकामुलांसह. मक्केच्या वाटेवर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्राच्या पश्चिमेला वादळ लागलं. बॉयलर बैठकीवरून सुटले, तळात पाणी भरायला लागलं. यात्रेकरू दिवसरात्र पाणी उपसत होते. ८ ऑगस्टच्या पहाटेपूर्वी अंधारात कप्तान, त्याची बायको आणि बहुतेक गोरे अधिकारी एका होडीत बसून निघून गेले. साडेनऊशे माणसं गळक्या जहाजावर, समुद्राच्या मधोमध.

होडीतल्या मंडळींना दुसऱ्या एका जहाजाने उचललं आणि १० ऑगस्टला एडनला आणून सोडलं. कप्तानाने सांगितलं, जहाज बुडालं, सगळे गेले. तारा सुटल्या. आणि दुसऱ्याच दिवशी, ११ ऑगस्टला, ‘अँटिनोर’ नावाची आगबोट एडनच्या बंदरात आली, ‘जेद्दा’ला दोरखंडाने ओढत. यात्रेकरू जिवंत. ते उपसतच राहिले होते.

कप्तानाचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल! जोसेफ कॉनरॅड या लेखकाने पुढे १९०० साली याच घटनेवरून ‘लॉर्ड जिम’ कादंबरी लिहिली. कॉलेजात ती आम्हाला पूरक वाचनाला होती, आणि तिचा आपल्याशी काही संबंध असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

संबंध असा, की एडन तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होतं. १८३९ च्या जानेवारीत घेतलं ते कंपनीच्या आरमाराने, आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईहूनच चालला. मराठी माणसाला एडन माहीत आहे ते वासुदेव बळवंत फडक्यांमुळे. आणि ‘जेद्दा’ ओढत आणली त्या ऑगस्टमध्ये फडके तिथल्याच तुरुंगात होते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांना तिथे नेलं होतं आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला ते तिथेच गेले. बंदरातला गलबला त्यांच्यापर्यंत पोचला असेल का, असा विचार मनात येतो.

तर चौकशी एडनलाच झाली, रेसिडेंटच्या कोर्टात. एडनच्या कोर्टांचा कायदाही १८६४ चाच, मामलेदार कायद्याच्याच वर्षीचा. रेसिडेंट म्हणजे तिथला सर्वाधिकारी, कारभारही तोच पाहणार आणि न्यायही तोच देणार. आपला मामलेदारही तसाच, सारा वसूल करणारा आणि बांधावर न्याय देणारा एकच. इंग्रजांना ही पद्धत सोयीची होती. स्वतःच्या देशात त्यांनी ती चालू दिली नसती.

निकाल काय? कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी निलंबित. पहिल्या अधिकाऱ्यावर कडक ताशेरे. बस. साडेनऊशे माणसं मरायला टाकल्याची शिक्षा तीन वर्षं! सिंगापूरपासून लंडनपर्यंत लोकांना तेव्हाही ती कमीच वाटली. उतारूंचं काय झालं, त्यांना काय मिळालं, हा प्रश्न चौकशीच्या कक्षेत नव्हताच. होड्या उतारूंच्या मानाने फारच थोड्या होत्या, ही गोष्ट मात्र पुढे आली. जागा मोजून दिली होती, पाणी मोजून दिलं होतं, पण बुडायची वेळ आली तर प्रत्येकाला होडीत जागा, हे माप कुणी लावलंच नव्हतं.

आठ वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८८८ ला, कच्छच्या मांडवीहून ‘वैतरणा’ मुंबईला निघाली. विजेचे दिवे होते म्हणून गुजराती लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. मालक मुंबईचे, शेफर्ड कंपनी, ज्यांच्या बोटी आपल्या कोकणच्या बंदरांतही येत. सातशेच्या वर माणसं घेऊन ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. एक माणूस वाचला नाही. मुंबई सरकारने चौकशी कोर्ट बसवलं. त्यातही तेच निघालं, होड्या आणि तरंगायची साधनं अपुरी. ‘टायटॅनिक’ १९१२ ला बुडाली आणि तिच्यावर बडी बडी माणसं होती, तेव्हा कुठे जगाने ‘माणशी होडीत एक जागा’ हा नियम मनावर घेतला.

आणि तरीही ११ नोव्हेंबर १९२७ ला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी कोकणच्या वाटेवर एकाच दिवशी गेल्या. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्य महिन्यावर असताना, सकाळी आठच्या सुमाराला ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि तासाभराच्या आत काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईपासून काही मैलांवर एवढी माणसं बुडाली आणि मुंबईला दुपारपर्यंत पत्ता नाही. आजीचे भाऊ त्या दिवशी त्या बोटीला नव्हते, पण त्यांच्या चाळीतले दोघे होते. त्यानंतर आजी पुन्हा बोटीत बसली नाही. फार लांबचं वाटत असेल तर १८ डिसेंबर २०२४ आठवा. मुंबईला एलिफंटाच्या वाटेवर नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा जण गेले. दाखल्यावर उतारू चौऱ्याऐंशी, बोटीत माणसं शंभरावर.

आता हे सगळं यंदा का वाचत बसलो, ते.

चंदगड तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. शेजारी आमच्याच चुलत घराची. १९८७ साली त्या काकांनी आमच्या खालच्या वावराकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर ताल घातली. वडील तेव्हा बेळगावातून दर रविवारी जायचे, काकांच्या ओट्यावर बसून चहा प्यायचे आणि विषय न काढता परत यायचे. ‘समजुतीने होईल. गणपती होऊ देत.’ गणपती झाले, दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. आजोबा तेव्हा नव्हते, ट्रंक माळ्यावर होती. आठव्या महिन्यात अर्ज घेऊन गेले, तो मुदतीबाहेर म्हणून परत आला. मग दिवाणी कोर्ट. नऊ वर्षं. १९९६ ला तडजोड झाली, आठ फुटांची वाट मिळाली. पण तोपर्यंत वडील आणि काका एकमेकांच्या घरच्या कार्यांना जाणं विसरले होते. माझ्या लग्नाला काका आले नव्हते. सौ.ला ते अजून आठवतं.

आता काका नाहीत, वडील नाहीत, चुलतभाऊही तीन वर्षांपूर्वी गेला. तिकडे वहिनी एकट्या शेती पाहतात. दोन वर्षांपूर्वी मी आमची जमीन बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केली. मुलगा पुण्याला असतो, त्याला तिथे काजूची बाग आणि छोटंसं घर करायचंय. चांगलं आहे. मार्चमध्ये त्याने चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं. सिमेंटचे खांब, सरळ रेषेत, मोजणीच्या नकाशाप्रमाणे. त्या रेषेत वहिनींच्या वरच्या तुकड्याकडे जाणारी वाट आली. ती वाट नकाशात नाही. पण मी लहानपणापासून तिच्यावरून बैलगाड्या जाताना पाहिल्यात, आणि बैलगाडीच्या मागे लटकलोही आहे.

वहिनींनी एकदाच फोन केला. ‘भावजी, ट्रॅक्टर आत जात नाय. मुलाला सांगा की वाईच.’ मी म्हटलं, बघतो. मुलाला बोललो. तो म्हणाला, ‘बाबा, नकाशात रस्ता दाखवा, मी उद्या फाटक लावतो.’ त्याचंही चूक कसं म्हणू? मोजणी सरकारी आहे. मी पुन्हा म्हटलं, बघू. रोपलावणीला वहिनींनी भाताची रोपं डोक्यावरून नेली, बांधाबांधाने, लांबच्या वळणाने. हे मला गावातल्या दुसऱ्याने सांगितलं, त्यांनी नाही. त्या भिडेच्या आहेत. त्यांना वाटतंय, भावजी म्हातारा माणूस, शब्द टाकील, होईल समजुतीने.

ट्रंक उघडली, त्या दोन रेघा पाहिल्या, आणि बोटांवर मोजलं. कुंपणाला सहा महिने पुरे व्हायला पंधरवडाही उरलेला नाही. पुढच्या महिन्यात वहिनींना दिवाणी कोर्ट उरेल, किंवा महसूल कायद्याच्या १४३ कलमाखाली बांधावरून नवी वाट मागणं उरेल. रोजच्या चालू वाटेसाठी जे सोपं दार होतं ते बंद होईल. हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. मी काही केलं नाही, नुसतं ‘बघतो’ म्हणत राहिलो, तरी माझा मुलगा जिंकतो.

त्या रात्री मी ‘जेद्दा’चं वाचत होतो. सौ.ने विचारलं, एवढं काय वाचताय? तिला जहाजाचंही सांगितलं आणि तारखेचंही. जहाजाचं तिने ऐकून घेतलं. तारखेचं ऐकून चष्मा काढला आणि म्हणाली, ‘दारि बिडु अंत केळोदु भिक्षे अल्ल री.’ वाट सोडा म्हणणं म्हणजे भीक मागणं नव्हे हो. मग मराठीत म्हणाली, ‘माझ्या लग्नात ज्यांची खुर्ची रिकामी होती, त्यांच्या सुनेला मी माझ्या सुनेच्या लग्नात रिकामी ठेवणार नाही.’ मुलाचं अजून ठरायचंय. पण बायका पुढचं पाहतात.

आधी मुलाला फोन केला. म्हटलं, मी वहिनींना मुदतीची तारीख सांगणार आहे आणि त्यांनी म्हटलं तर अर्जही लिहून देणार आहे. तू वाट सोडलीस तर अर्जाची गरज नाही. तो बराच वेळ गप्प होता. ‘बाबा, तुम्ही माझ्याविरुद्ध साक्ष देणार?’ मी म्हटलं, विचारलं तर जे पाहिलं ते सांगणार. बैलगाडीच्या मागे लटकलो होतो, ते सांगणार. त्याने ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवला. त्या ‘ठीक आहे’चा अर्थ मला अजून लागलेला नाही. हे इथे लिहिणार आहे, हेही त्याला सांगितलंय.

मग वहिनींना लावला. तारीख सांगितली, कलम सांगितलं. त्या घाबरल्याच. ‘म्हंजे मी तुमच्यावर दावा लावू म्हणताय, भावजी?’ म्हटलं, माझ्यावर नाही, कुंपणावर. आणि लावलाच पाहिजे असं नाही, पण तारीख जाऊ देऊ नका. त्या म्हणाल्या, ‘लोक काय म्हंतील?’ मी त्यांना वडिलांचा आठवा महिना सांगितला. तो त्यांना माहीत होता, त्यांच्या घरच्या बाजूने. काकांनी त्या दिवशी गावभर पेढे वाटले होते म्हणे. हे मला नवीन होतं.

शनिवारी सकाळच्या एस.टी.ने जातोय. आजोबांच्या गठ्ठ्यात अर्जाचा एक कच्चा नमुना सापडलाय, वादीचं नाव, वय, धंदा, राहणार, वाट कोणत्या दिशेने कोणत्या दिशेला, कधी अडवली. मोडीतून बाळबोधीत उतरवून घेतलाय. वहिनींनी सातबारा काढून ठेवलाय आणि जेवायला थांबा म्हणून बजावलंय. मुलाचा काल रात्री निरोप आला, तोही शनिवारी पुण्याहून निघतोय. फाटकाचं माप घ्यायला की वकिलाला भेटायला, ते त्याने लिहिलेलं नाही.